गालदस

सदलग्याच्या स्टँडवर उभं राहून इचलकरंजीच्या गाडीची वाट बघण्याला स्वतःचं असं एक नाव हवं, असं मला फार वर्षं वाटत होतं. नुसतं 'थांबणं' म्हणून भागत नाही. थांबण्यात काहीतरी येणार याची खात्री असते. इथं खात्री कुणालाच नसते आणि तरी कुणी उठून जात नाही. गाडी कर्नाटकाची, पाटी कन्नडात, बसणारे निम्मे मराठी बोलणारे आणि कंडक्टर दोन्ही भाषांत सारखाच तुसडा. चहाच्या गाड्यावर विचारलं तर चहावाला ना घड्याळाकडं बघतो ना रस्त्याकडं. गाळणीतला चोथा आपटत म्हणतो, "ईल की. आली न्हाई म्हंजे यायचीच हाय." या वाक्यातली चूक मी चाळीस वर्षं शोधतोय.

नाव शेवटी सापडलं ते कोल्हापुरातल्या एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये, एका जपानी माणसाच्या साक्षीनं.

त्याचं असं झालं. मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला आहे. फौंड्रीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढचं लिहिता येणार नाही. एक दिवस साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "तुम्हाला उत्पादकता तज्ज्ञ करायचं ठरलंय." तुमचं अपेंडिक्स काढायचं ठरलंय असं डॉक्टर सांगतात ना, त्याच सुरात. मी विचारलं, "मलाच का?" तर म्हणाले, "बाकीचे कामात आहेत."

आधी तीन दिवस हॉलमध्ये बसून ऐकायचं, मग दोन महिने आपल्या कारखान्यात जाऊन ते लोकांवर चालवून बघायचं आणि शेवटी एक दिवस परत येऊन काय झालं ते सांगायचं, असा बेत होता. शिकवायला सत्तरीतले एक जपानी गृहस्थ. अंगानं काडी, शर्ट कडक इस्त्रीचा, पण बोटं जन्मभर यंत्रावर राबलेल्या माणसाची. ते जपानीत बोलायचे. पुण्याची एक मुलगी त्याचं इंग्रजी करायची. आणि आमच्यातल्या निम्म्यांसाठी आयोजकांपैकी एक जण त्या इंग्रजीचं मराठी करायचा. त्यामुळं एका विनोदाला हॉल तीनदा हसायचा. तिसरं हसणं सगळ्यात मोठं असायचं, कारण तोवर त्यातला विनोद पुरता गळून गेलेला असायचा.

पहिल्याच दिवशी फ्रँक गिलब्रेथ भेटला. हा अमेरिकेतला गवंडी. सतराव्या वर्षी हातात थापी घेतली आणि बघत राहिला की एक वीट लावायला माणूस किती हालचाली करतो. अठरा. वाकतो, उचलतो, उलटीपालटी करतो, ठोकतो. गिलब्रेथनं विटा आणि चुना कमरेच्या उंचीवर येईल असा माचा केला, विटांची चांगली बाजू आधीच वर काढून ठेवायला लावली आणि अठराच्या पाच हालचाली केल्या. तासाला १२० विटा लागायच्या तिथं ३५० लागायला लागल्या. मग हाताच्या हालचालींचे त्यानं सतरा-अठरा मूळ प्रकार पाडले, जसे आपण अक्षराचे काना-मात्रा पाडतो, आणि त्या मूळ मापाला स्वतःचं आडनाव उलटं करून दिलं: थर्ब्लिग. आडनाव उलटं लिहायचा हा उद्योग आम्ही पाचवीत शेवटच्या बाकावर बसून करायचो. त्याचं शास्त्र होतं हे मास्तरांनी कधी सांगितलं नाही. छडी तेवढी दिली.

मी वहीच्या कडेला गावाचं नाव उलटं लिहून बघितलं. स-द-ल-गा. गा-ल-द-स.

झालं. एक गालदस म्हणजे सदलग्याच्या स्टँडवर एक गाडी चुकल्यापासून दुसरी दिसेपर्यंतचा वेळ, ज्यात दुसरं काहीही करता येत नाही. माप पक्कं नाही. पावसाळ्यात फुगतं, जत्रेत आटतं. पण मोठ्या गोष्टी मोजायला बरं पडतं. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात २००४ साली लावला. तो अजून स्टँडवरच आहे.

गिलब्रेथवर माझा जीव जडला. त्याला बारा मुलं. घरातही तो मोजत बसायचा. जाकिटाची बटणं वरून खाली लावली तर सात सेकंद लागतात आणि खालून वर लावली तर तीन, म्हणून तो खालून लावायचा. दोन हातांत दोन वस्तरे घेऊन दाढी केली तर ४४ सेकंद वाचतात असं त्याला आढळलं, पण मग कापलेल्या गळ्याला पट्टी बांधण्यात दोन मिनिटं जायला लागली, तेव्हा तो प्रयोग सोडला. मुलांनीच पुढं १९४८ साली हे सगळं पुस्तकात लिहून टाकलं. एवढे सेकंद वाचवणारा हा माणूस १९२४ साली, वयाच्या ५५व्या वर्षी, रेल्वे स्टेशनवर बायकोशी फोनवर बोलता बोलता गेला. बायको लिलियन त्याच्यापेक्षा शहाणी निघाली. तिनं पुढं स्वयंपाकघरं मोजली, ओट्याची उंची बाईच्या उंचीवर आणली, पायानं झाकण उघडायचा कचऱ्याचा डबा काढला आणि ९३ वर्षं जगली.

दुसऱ्या दिवशी 'मुदा' आला. मुदा म्हणजे वाया जाणं. आम्हा भात खाणाऱ्यांना मूद ठाऊक, तीही वरणासकट, त्यामुळं अर्धा तास लोक भलत्याच विचारात होते. टोयोटाच्या तैइची ओनो यांनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले आहेत: गरजेपेक्षा जास्त करणं, खोळंबणं, उगीच ने-आण, नको तेवढी कलाकुसर, साठा, नको ती हालचाल आणि बिघडलेला माल. यादी ऐकताना मला माझ्या थोरल्या भावाचं लग्न दिसत होतं. सातही मुदा त्या मांडवात एका दिवसात हजर होते आणि सातांनाही आहेर झाला होता.

मग पाच 'एस'. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसून काढा, तसंच राखा, अंगवळणी पाडा. इथं मराठी भाषांतरकर्त्यानं स्वतःच्या पदरचं एक वाक्य घातलं की हे तर आपल्या आजीला ठाऊकच होतं. परदेशातून काहीही आलं की हे वाक्य म्हणायची आपल्याकडं साथ आहे. माझ्या आजीला ठाऊक नव्हतं. तिच्या माळ्यावर तीन फुटके कंदील, झाकण नसलेली अकरा भांडी आणि भांडं नसलेली चौदा झाकणं होती. ही मोजदाद ती गेल्यावर आम्ही केली. त्यातलं काहीही कुणालाही टाकवेना, म्हणून परत माळ्यावरच ठेवलं.

'नको ते काढा' हे पुरतं जमलेला माणूस सदलग्यानं दिला. जैन मुनी आचार्य विद्यासागर महाराज. १० ऑक्टोबर १९४६, शरद पौर्णिमेचा जन्म. १९६८ साली अजमेरला मुनिदीक्षा घेतली आणि १८ फेब्रुवारी २०२४ला डोंगरगडच्या चंद्रगिरीवर देह ठेवला. मधली सगळी वर्षं अनवाणी चालत. जवळ पिंछी आणि कमंडलू. हॉलमध्ये शून्य साठ्याचं तत्त्व चाललं होतं, तेव्हा शेजारी बसलेला चिकोडीकडचा आण्णा माझ्या कानाशी लागला, "आमच्यात मुनी महाराज दिवसातनं एकदा, उभ्यानं, हातावर जेवत्यात. ताट सुदीक न्हाई." तो थट्टा करत नव्हता. मला मात्र वाटलं, हे दोन रिकामेपण एक नव्हेत. कारखाना रिकामा करायचा तो जास्त माल निघावा म्हणून. महाराजांनी हात रिकामे केले आणि तसेच ठेवले. त्यांनी आग्रह धरला तोही हातमागाचा. पलीकडं इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग खडखडायला लागला, आणि अलीकडच्या सदलग्यात जन्मलेला माणूस हातमाग चालवा म्हणून देशभर सांगत फिरला. दोन्ही आमचंच आहे. कशाला पाठ द्यायची, ठरत नाही.

रात्री घरी आल्यावर मी या विद्येची वंशावळ काढून बसलो. गाण्याच्या घराण्याची असते तशीच निघाली. मूळ पुरुष टेलर. त्यानं १८९९च्या सुमाराला अमेरिकेत बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात घड्याळ लावून लोखंडाचे ठोकळे उचलणाऱ्या हमालांना मोजलं. माणशी दिवसाला साडेबारा टन जात होतं ते साडेसत्तेचाळीस टनांवर नेलं, असं त्यानंच लिहून ठेवलंय. मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं आत्तीला सांगायचा आहे.

संख्याशास्त्रानं मालाची प्रत राखायची विद्या शुहार्टची. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी त्याला १९४७-४८ साली भारतात आणलं होतं. म्हणजे ज्या डेमिंगनं १९५० साली जपानला ही विद्या शिकवली आणि जपाननं ज्याला डोक्यावर घेतलं, त्याचा गुरू आधी आपल्याकडं येऊन, चहा घेऊन, गेला होता. आपण पाहुणचार उत्तम केला असणार.

१९५२ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं आपली माणसं मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत पाठवली. मुंबईला मात्र असले पाहुणे ऐकून माहीत होते: एकानं जास्त यंत्रं सांभाळावीत या कारणावरून १९२८ साली तिथल्या गिरण्या सहा महिने बंद राहिल्या होत्या. त्याच संघटनेनं १९५७ साली कामाच्या अभ्यासाचं जाडजूड पुस्तक काढलं, जे आजही या धंद्यातल्या लोकांच्या उशाशी असतं. इकडं जपाननं अमेरिकेच्या मदतीनं १९५५ साली उत्पादकता केंद्र उघडलं आणि आपल्या लोकांच्या तुकड्या अमेरिकेत शिकायला धाडल्या. लगोलग १९५६ साली विक्रम साराभाई एक भारतीय शिष्टमंडळ घेऊन जपानला गेले, की यांनी काय केलं ते बघू. ते आले आणि १२ फेब्रुवारी १९५८ला आपली राष्ट्रीय उत्पादकता परिषद निघाली. १९६१ साली भारत, जपान, पाकिस्तान, नेपाळ धरून आठ देशांनी टोकियोत आशियाई उत्पादकता संघटना काढली. १९६३ साली पवईत, विहार तलावाच्या काठी, संयुक्त राष्ट्रांच्या पैशानं आणि कामगार संघटनेच्या तज्ज्ञांच्या हातून 'निटी' उभी राहिली. तिला २०२३ पासून आयआयएम मुंबई म्हणतात. घड्याळवाले घडवायची ही आपली पहिली मोठी शाळा.

वाचून मी थक्क झालो. शिरोलीतल्या माझ्यासारख्याच्या हातात एक घड्याळ यावं म्हणून अमेरिका, स्वित्झर्लंड, जपान सत्तर वर्षं एकमेकांशी सलोख्यानं वागत होते. आणि आमच्या दूधगंगेचं पाणी? धरण राधानगरी तालुक्यात काळम्मावाडीला, वाटा दोन्ही राज्यांचा, करार पक्का. तरी उन्हाळ्यात नदीचा तळ दिसायला लागला की दोन्हीकडचे पुढारी एकमेकांकडं बोट दाखवतात. बोट दाखवायला किती हालचाली लागतात ते गिलब्रेथनं मोजलेलं नाही.

मग घड्याळ घेऊन मी कारखान्यात उतरलो. जपानीत त्याला गेम्बा म्हणतात, जिथं खरं काम चालतं ती जागा. मला नेमून दिलेले होते मोल्डिंगचे मामा. अठ्ठावीस वर्षं वाळूत हात. त्यांच्या फिरण्याचा नकाशा काढायचा होता. कागदावर शॉपचा आराखडा, आणि माणूस जिथं जिथं जाईल तिथं पेन्सिल उचलायची नाही. संध्याकाळी बघितलं तर कागदावर शेवयांचा गुंता. त्यातल्या सगळ्यात जाड शेवया एकाच ठिकाणी जात होत्या: गेटजवळच्या पाण्याच्या माठाकडं. दिवसाला चौदा फेऱ्या. मी हर्षभरित झालो. पहिल्याच दिवशी मुदा हाती लागला होता. दुसऱ्या दिवशी माठ उचलून मामांच्या साच्यापासून पाच पावलांवर आणून ठेवला, फोटो काढला, फळ्यावर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन चौकोन आखले.

तिसऱ्या दिवशी मामा साचा बंद करून उठले, माठावरून पुढं गेले आणि चालत गेटपर्यंत जाऊन उभे राहिले. तिथं त्यांनी टोपी काढली, मान झटकली, दोन मिनिटं हायवेकडं बघितलं आणि परत आले. पाणी पिलंच नाही.

मी विचारलं, "मामा, माठ तर इथं आणलाय."

"दिसतुय की."

"मग?"

"पानी हितं हाय. वारं तिकडं हाय."

फर्नेसमधून लोखंड ओतायला लागले की आमच्या शॉपमध्ये काय होतं ते लिहून कळायचं नाही. कानाच्या पाळ्या भाजतात. मी गेटपाशी जाऊन त्यांच्या जागी उभा राहून बघितलं. खरोखरच तिथं वारा लागत होता. मी तो नकाशा घडी करून खिशात ठेवला आणि माठ परत गेटपाशी नेऊन ठेवला. फळ्यावरचे 'आधी' आणि 'नंतर' आता सारखेच झाले होते. साहेबांनी विचारलं, यात सुधारणा कुठली? मी म्हटलं, अभ्यास पूर्ण झाला.

आत्ती निपाणीला दिलेली. सत्तरीच्या पुढची आहे आणि अजून विड्या वळते. शनिवारी सुट्टी साधून मी तिच्याकडं गेलो, खरं म्हणजे घड्याळ घेऊनच गेलो. जून २०२३ मध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी गाडी फुकट झाल्यापासून ती कधीही उठून कुठंही जाते, त्यामुळं घरी सापडणं अवघड. गाडीच्या उशिराबद्दल बोललो तर म्हणते, "फुकटच्या गाडीचा टाइम कोन इचारतंय?"

ती वळत बसली होती आणि मी उंबऱ्यापाशी बसून बघत होतो. मांडीवर सूप. रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं डाव्या हाताला, जर्दा सुपाच्या पुढच्या कडेला, दोऱ्याचं रीळ गुडघ्याला टेकलेलं. पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कापलेले चौकोन एकावर एक. चिमूट उचलली की पान आपोआप तळहातावर आलेलं असतं. दोन बोटांत एक फिरकी, वरचं तोंड नखानं आत दाबलं, दोऱ्याचे दोन वेढे, आणि विडी सुपात पडते तोवर डावा हात पुढच्या पानावर. तिची नजर हातावर नव्हतीच, रस्त्यावर होती. गिलब्रेथनं गवंड्याला वाकायचं वाचवलं. आत्तीनं बघायचंही वाचवलं होतं. हे तिला कुठल्याच देशानं शिकवलं नव्हतं. कारण उघड आहे. तिला हजारावर पैसे मिळतात. विडी लवकर झाली तर संध्याकाळ तिची. म्हणून पन्नास वर्षांत तिनं स्वतःच एकेक हालचाल काढून टाकली होती. तिच्या घरी तज्ज्ञ पाठवायची गरज कुणाला पडली नाही. तज्ज्ञ लागतो तो वेळ दुसऱ्याचा असला की.

मी फोनवरचं घड्याळ चालू केलं. शिकागोजवळ हॉथॉर्नच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. आपल्याकडं कुणी लक्ष देऊन बघतंय म्हटलं की माणसं जोरात काम करतात, असं त्यातून जग शिकलं. निपाणीत उलटं झालं. आत्तीनं माझ्या हातात फोन बघितला, सूप बाजूला सारलं आणि उठली.

"अगं, वळ की. मोजतोय मी."

"तू आल्यावर इड्या कोन वळत बसतंय? च्या ठेवती."

चहा पिताना मी तिला सगळं सांगितलं. सुधारणेला जपानीत कायझेन म्हणतात म्हटल्यावर तिला ते "काय झ्यालं?" असं ऐकू आलं आणि ती घाबरली; तो गोंधळ निस्तरण्यात थोडा वेळ गेला. मग टेलरचा हिशोब सांगितला. साडेबारा टनांचे साडेसत्तेचाळीस, आणि एक-पंधराचे एक-पंच्याऐंशी. आत्ती शाळेत दुसरीपर्यंत गेलेली आहे, पण हजारावर पैसे घेणाऱ्या बाईला हिशोब शिकवावा लागत नाही. नापास विड्या ठेकेदार बाजूला काढतो, तेव्हा त्याच्या बोटांकडं ती जशी बघते तशी तिनं माझ्याकडं बघितलं.

"वझं जवळजवळ चौपट झालं."

"हो."

"आन पगार दिडाच्या जरा वर."

"हो."

"मग मधलं कुठं गेलं?"

मी बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून तळाशी गेलं.

"माझं बघ," ती म्हणाली, "हात उचलला तर उरल्याला येळ माझा. तुमच्यात उरल्याला येळ कुनाचा?"

निपाणीत वाटणीचा प्रश्न जुना आहे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींबरोबर शेतकरी इथल्याच हायवेवर बसले होते, गोळीबार झाला, माणसं मेली. आत्ती तेव्हा तंबाखूच्या वखारीत जायची. तिला काही मला कोड्यात पाडायचं नव्हतं. साधं विचारलं होतं, डाळीचा भाव विचारावा तसं.

शेवटच्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांनी आपापली सुधारणा सांगितली. आण्णानं हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवली होती, कुठला पाना हरवलाय ते लांबूनच कळावं म्हणून. टाळ्या झाल्या. पाने हरवायचे तसेच हरवत होते, पण आता कळत होतं. माझी पाळी आली तेव्हा मी माठाची गोष्ट सांगितली. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून जपानीत ती जाईपर्यंत मी टांगणीला. ते गृहस्थ पहिल्यांदाच भाषांतर संपायच्या आत हसले आणि हातानं वारा घेतल्यासारखं केलं. त्यांना कळलं होतं. तेही भट्टीपुढं उभे राहिलेले असणार.

मग मी आत्तीचा प्रश्न विचारला. वाचलेला वेळ कुणाचा?

मराठी भाषांतरकर्त्यानं माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, आणि प्रश्न जरा गुळगुळीत करून पुढं दिला. पुण्याच्या मुलीनं मात्र मूळ मराठी ऐकलं होतं. तिनं तो सरळ जपानीत नेला. हॉल गप्प. गृहस्थांनी आपली फाईल उघडली, एक पान काढलं आणि आम्हाला आमच्या फाईलीतलं तेच पान काढायला सांगितलं. वर लिहिलं होतं की १९५५ साली जपानचं उत्पादकता केंद्र निघालं तेव्हा मालक आणि कामगार तीन सूत्रांवर एकत्र आले. पहिलं, उत्पादकता वाढली म्हणजे शेवटी रोजगार वाढला पाहिजे, माणसं रस्त्यावर येता कामा नयेत. दुसरं, ती कशी वाढवायची ते मालक आणि कामगारांनी बोलून ठरवायचं. ही दोन्ही आम्ही दोन महिन्यांपूर्वी वाचली होती.

"पान उलटा," ते म्हणाले. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं.

त्यांनी उलटलं. मी उलटलं. माझं कोरं होतं. आण्णाचंही कोरं. सगळ्या हॉलनं पानं उलटली आणि चाळीस पांढरे कागद चकाकले. झेरॉक्स एका बाजूनंच काढली होती.

गृहस्थांनी आपल्या पानावरचं तिसरं सूत्र वाचलं, मुलीनं इंग्रजी केलं, आणि मराठी करणारा पाणी प्यायला गेला होता म्हणून मीच मनात करून घेतलं: जे जास्तीचं निघेल ते मालक, कामगार आणि गिऱ्हाईक यांच्यात न्यायानं वाटायचं.

शिकागो, टोकियो, जिनिव्हा, पवई इतक्या लांबून घड्याळ आलं, पाच 'एस' आले, शेवया आल्या. एक ओळ तेवढी पानाच्या मागं राहिली. मला यात कुणाचा कावा दिसत नाही. कागद वाचवणं हीही उत्पादकताच आहे. आणि दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढायला मशीनपाशी जास्त थांबावं लागतं.

त्या रविवारी सदलग्याच्या स्टँडवर मला एक पुरा गालदस मिळाला. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून मी ते तिसरं सूत्र मराठीत, जाड स्केचपेननं, ठळक लिहिलं आणि एक प्रत काढून घेतली. दोन रुपये. दुकानदार म्हणाला, "पाठपोट काढू?" मी म्हटलं, "नको, एकाच बाजूला असू दे."

दरवर्षी १२ ते १८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय उत्पादकता सप्ताह असतो. १२ला सकाळी साहेबांनी फळ्याला हार घातला. 'आधी' आणि 'नंतर'च्या खाली जागा होती, तिथं मी माझा कागद चिकटवला. आठवडाभरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मामा तेवढे पाण्याला जाता जाता थांबले, ओठ हलवत पुरा वाचला आणि विचारलं, "ह्ये कुनी ठरवलंय?"

"जपाननं. १९५५ साली."

मामांनी टोपी काढून मान झटकली. "लांबनं यायचं म्हंजे येळ लागनारच की," म्हणाले, आणि गेटकडं चालायला लागले.

कागद १८ तारखेपर्यंत फळ्यावर होता. १९ला शिवजयंती, महाराजांची तसबीर लावायला फळा मोकळा करावा लागला.